चाकाखालचा दगड

गोरखला कशाची हौस नसली तरी खंडेनवमीची भारी हौस. त्या दिवशी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात तो आम्हा सगळ्यांची अवजारं पूजेला मांडायचा. माझा सुया उकळायचा स्टरलायझर, सरूबाईची बादली आणि खराटा, लसीचा डबा, आणि समोर तो चालवायचा ती केंद्राची जीप, धुतलेली. मी तिथली नर्स. पूजेच्या निमित्तानं का होईना, स्टरलायझर फुकटात घासून मिळतो म्हणून मलाही हा सण आवडायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या खंडेनवमीला मात्र त्या रांगेत शेवटी एक दगड होता. चांगला दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा, हळदीकुंकू लावलेला. तो बघितला आणि मी गोरखकडं डोळे वटारले.

तो दगड कसला, हे गोरखला, मला आणि सरूबाईला तेवढं माहीत होतं. पावसाळ्यापासून जीपचे ब्रेक गेल्यात जमा होते. दर आठवड्याला आम्ही लस घेऊन डोंगरातल्या वाड्यांवर जायचो. परतताना घाटाच्या तोंडाशी सपाटी लागली की गोरख गाडी पहिल्या गिअरमध्ये रडतखडत हळू करायचा. सरूबाई उडी मारून चाकाखाली तो दगड सरकवायची. मग गोरख म्हणायचा, "बाई, जरा पाय मोकळे करा." आम्ही दोघी आडवाटेनं चालत खाली पोचलो की तो एकटा गाडी खाली आणायचा. खालच्या आंब्यापाशी उभी राहून मी वरच्या वळणाकडं बघत बसायची. जीपचं तोंड दिसेपर्यंत जागची हलायची नाही.

"तुझ्या बायकोला मी काय सांगू रे?" मी दर वेळी त्याच्यावर खेकसायची.

"काय नाय व्हत, बाई."

त्यानं सांगितलं नव्हतं असं नाही. आधीच्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "जमत नसेल तर सोड, दुसरे रांगेत उभे आहेत." गोरख रोजंदारीवर. मी मध्ये बोलले, तर जुन्नरच्या पार टोकाला एक जागा रिकामी असल्याचं मला हसत हसत कळवण्यात आलं. माझं तोंड सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध, पण तेही त्यांनी बंद केलं. त्याचा संताप मला अजून येतो.

आता ते डॉक्टर बदलून गेले होते आणि डॉक्टर अश्विनी नव्यानं आल्या होत्या. वयानं लहान, कडक इस्त्रीची साडी. फूल वाहायला वाकल्या आणि म्हणाल्या, "हा दगड कसला?"

गोरख खाली बघू लागला. सरूबाई झेंडूच्या पाकळ्या तोडत बसली. मला गोरखचाच राग आला. कुणी सांगितलं होतं याला दगड मांडायला? पण पावसाळाभर राबलेलं अवजार पूजेतून वगळणं त्याच्या जिवाला पटलंच नसतं.

डॉक्टर सरळ व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. "आज अवजारांचा दिवस आहे ना? मग माणसांनी गप्प बसायचं. दगडाला काय म्हणायचंय तेवढं सांगा. कोण बोललं ते या पायरीच्या बाहेर जाणार नाही."

मग सरूबाई पुटपुटली, "दगड म्हंतोय, मी लई दमलोय."

"दगड म्हणतो, मी नसेन त्या दिवशी काय कराल?" मी म्हणाले.

शेवटी गोरख बोलला. "दगड म्हंतोय, ब्रेक लागत न्हाई. बाया चालत उतरत्यात. गाडीत एकटाच..."

डॉक्टरांनी हात पुढं केला. "किल्ली द्या."

गोरखचा चेहरा पडला. गेली नोकरी, असंच त्याला वाटलं, मलाही. डॉक्टरांनी किल्ली घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "दुरुस्त झाल्याशिवाय ही गाडी हलणार नाही."

मग त्या आत गेल्या आणि दार मुद्दाम उघडं ठेवून तालुक्याला फोन लावला. "नाही साहेब, ड्रायव्हर तयार आहे. मीच अडवलीय... तक्रार कुणाची? माझी. माझंच नाव घाला."

गोरख दगडाशेजारी जमिनीवर बसला. माझे डोळे भरून आले. सरूबाईनं बघितलं तेव्हा मी उदबत्तीच्या धुराला नावं ठेवली.

त्या आठवड्यात आम्ही एसटीनं पायथ्यापर्यंत आणि पुढं पायी गेलो. दरम्यान मंचरहून मिस्त्री आला, गाडीखाली शिरला आणि बाहेर येऊन गोरखकडं नुसताच बघत राहिला.

पुढच्या फेरीला परतताना घाटाच्या तोंडाशी मी सवयीनं दाराची कडी काढली. सरूबाई सीटखाली दगड चाचपू लागली. दगड नव्हताच. गोरखनं ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"बसा, बाई," तो म्हणाला.

प्रत्येक वळणावर तो ब्रेक दाबत होता, गरज नसली तरी. खाली आंब्यापाशी त्यानं पुन्हा गाडी थांबवली.

"इथं कशाला थांबलास?" मी विचारलं.

"तुमी हितं उभ्या ऱ्हायच्या ना. हितनं मी कसा दिसायचो ते बघायचं व्हतं."

आम्ही तिघंही मागं वळून त्या वरच्या रिकाम्या वळणाकडं बघत राहिलो. मग मी गोरखला एक सणसणीत शिवी दिली, आणि त्याच्या शेजारीच बसून पोटभर रडून घेतलं.