पाच लाल टाचण्यांचा फळा

मी एक जुना लाकडी फळा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी सगळ्यांना माफ केलेले नाही. तुमच्या शाळेतल्या फळ्यावर खडूने लिहितात. माझ्या अंगात टाचण्या टोचतात.

एका सुताराने मला मऊ लाकडातून कापले, अंगावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि बर्फाच्या कारखान्यात आणून टांगले. आडव्या रेघेवर दिवसाची उष्णता, उभ्या रेघेवर खपलेल्या बर्फाच्या लाद्या, आणि रोज एक टाचणी. हे काम एका बाईंकडे होते. उद्या किती लाद्या लागतील ते त्या आदल्या दिवशी सांगत, म्हणून सगळे त्यांना अंदाजबाई म्हणत.

टाचण्यांच्या घोळक्यातून बाई एक काळा दोरा ताणत. वाटेल तसा नाही हं! प्रत्येक टाचणी दोऱ्यापासून किती दूर आहे ते मोजायचे, त्या अंतराचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. मग दोरा जरा वर, जरा तिरका करून पुन्हा बेरीज. ती जिथे सर्वांत कमी भरेल तिथे गाठ. उद्याची उष्णता कळली की दोऱ्यावर बोट ठेवून बाई आकडा सांगत. पाच दिवस सोडले तर अकरा वर्षांत त्या दहा-वीस लाद्यांपलीकडे चुकल्या नाहीत. मालक पाहुण्यांना माझ्यासमोर आणून म्हणायचे, "हा फळा आणि आमच्या बाई, यांच्यावर कारखाना चाललाय." तेव्हा मी छाती फुगवून असायचो, लाकडाला जमते तितकी.

माझ्या उजव्या टोकाला मात्र पाच लाल टाचण्या अगदी खाली होत्या. ऊन फारच तापले की मासळीबाजार सकाळीच उठायचा आणि बर्फाचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक नाहीसे व्हायचे. म्हणून बाईंनी तिथे दोरा खाली वळवला होता, आणि प्रत्येक लाल टाचणीशेजारी पेन्सिलीने तारीख घालून लिहिले होते, 'बाजार बंद'.

मग आले मालकांचे जावई. लग्नाला वर्ष झाले नव्हते, तोच त्यांची खुर्ची कारखान्यात आली. बाई बहिणीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या आणि हे माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "या पाच चुकार टाचण्यांनी सगळा दोरा बिघडवलाय," म्हणाले आणि पाचही उपटल्या. दोरा सरळ वर चढवला. उन्हाची लाट येणार होती. दोऱ्याने नऊशे लाद्या सांगितल्या, यांनी नऊशे करायला लावल्या.

बाई परतल्या आणि दारातच थबकल्या.

"दोरा कुणी बांधला?"

"मी. बघा, कसा सरळ दिसतोय!"

"दिसायला कशाला हवाय सरळ? इतक्या उन्हात बाजार बंद असतो, जावईबापू."

"बाई, तुम्ही टाचण्या टोचा. धंदा आम्ही बघतो."

लाट आली. बाजार सकाळी दहालाच उठला. कोठीत मावल्या तेवढ्या लाद्या राहिल्या, बाकीच्यांचे अंगणात पाणी झाले. मालक तणतणत आले, तर जावईबापूंनी एका दमात सांगितले, "बाईंचा अंदाज चुकला."

"मालक, फळा तरी बघा," बाई म्हणाल्या.

मालकांनी पाहिले नाही. जावयापुढे परक्या बाईचे कोण ऐकतो? अकरा वर्षे कमावलेले नाव एका दुपारी गेले, नोकरीही गेली. दुसऱ्या कारखान्यांत "बर्फ वाया घालवणाऱ्या त्याच ना तुम्ही?" असे विचारून त्यांना दारातूनच परत पाठवले. हमालांच्या बोलण्यातून हे माझ्या कानावर यायचे आणि माझा जीव जळायचा.

मला भिंतीवरून काढून कोठीत उपडे टाकले आणि माझ्या पाठीवरून लाद्या सरकवू लागले होते. गारठ्याने अंग आंबून गेले. पण माझ्या छातीवर पाच रिकामी भोके होती आणि पाच तारखा होत्या. मी रात्रंदिवस एकच घोकायचो. एकदा उलटा मला, मग बघतो त्या जावयाकडे.

महिन्याभराने मालक जावईबापूंना घेऊन माल पाहायला आले. त्या पाचही तारखांना बाजार बंद म्हणून बर्फ परत ओढून आणणारा म्हातारा हमाल तिथेच होता. "मालक, फळी निसरडी झालीय, उलटी करतो," तो नको तितक्या मोठ्याने म्हणाला आणि त्याने मला उताणे केले.

मालक वाकले. एकेक तारीख वाचली, एकेका भोकावर बोट फिरवले.

"इथल्या टाचण्या कुठं गेल्या?"

"गंजून पडल्या असतील," जावईबापू म्हणाले.

त्यांच्या खोलीचे दार सताड उघडे होते. समोरच त्यांचा नवा रंगीत तक्ता लटकत होता, चार कोपऱ्यांना चार लाल टाचण्या. पाचवी त्यांच्या खिशाला होती. जेवण झाल्यावर ते तिने दात कोरत. मालकांनी आधी तक्ता पाहिला, मग खिसा. जावईबापूंचा चेहरा खर्रकन उतरला. मित्रांनो, मला तेव्हा झालेला आनंद चांगल्या फळ्याला शोभणारा नव्हता. पण झाला, आणि पोटभर झाला.

मालक स्वतः बाईंच्या घरी गेले. बाईंनी त्यांना पाणी दिले आणि अट घातली. "चूक कुणाची होती ते सगळ्या कारखान्यांत तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं. आणि जावईबापूंना काढू नका. त्यांनी रोज बाजारात जाऊन चौकशी करायची आणि टाचणी त्यांनीच टोचायची. माझ्यासमोर."

मालक सगळीकडे जाऊन आले. मी पुन्हा भिंतीवर आहे. तुम्हाला एवढेच सांगतो, मुलांनो, आपल्या रेघेला न जुळणारी टाचणी दिसली तर ती उपटू नका. ती तिथे का बसली आहे ते जाऊन विचारा. आणि माझ्यासारखे जुने काही अडगळीत टाकण्याआधी त्यावर काय लिहिले आहे ते वाचा.

आज सकाळी टाचणी टोचताना ती जावईबापूंच्याच बोटात गेली. मी जरासा हललो होतो. बाईंनी लगेच कापूस काढून दिला. मी दिला नसता.