तांब्याच्या हंड्यातले निवटे

दिल्ली दरबाराच्या वर्षी नंदिगड्ड्याच्या लखूची बायको देवकी पहिलटकरीण होती, आणि तिला डोहाळे लागले ते निवट्यांचे. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे. देवकीचं माहेर कारवारच्या खाडीवर. इथं रानात मिळायचे ते सुके बांगडे.

"ताजं पायजेत. उड्या मारणारं," ती म्हणाली.

लखूनं साऱ्या गावासमोर विडा उचलला आणि गाडी जुंपून घाट उतरला.

सासरे परशू तांडेल यांनी टोपलीभर निवटे धरून दिले. लखूनं घरून आणलेला, चिंचेनं लखलखीत घासलेला तांब्याचा हंडा खाडीच्या पाण्यानं भरला.

"जावईबापू, हंड्यात नको," परशू म्हणाले. "मोठ्या जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा कशाला मारतात? कालवं चिकटून वाढू नयेत म्हणून. तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं. डोळ्याला दिसत नाही, पण खाडीतल्या जिवांना तेवढंच भारी पडतं."

"मामा, तांब्यातलं पाणी पिऊन आमच्या आज्यानं नव्वदी गाठली!"

"तुमचा आजा काय खाडीत राहायचा?"

लखू हटेना. शेवटी परशूंनी निम्मे निवटे लेकीच्या नावानं मातीच्या मडक्यात घातले आणि मडकं गाडीतल्या गवतात रोवलं.

गाडी गावात शिरताच अंगणात माणसं गोळा झाली. गावचे मुखिये म्हादू बुधवंत अगदी पुढं बसले. लखूनं मोठ्या ऐटीत हंड्याचं फडकं सोडलं. पाणी हिरवट झालेलं, आणि निवटे पोट वर करून तरंगत होते.

म्हादूंनी नाकाला उपरणं लावलं. "ह्येच उड्या मारणारं व्हय?"

"परवासानं दमल्यात," लखू म्हणाला आणि एकाला काडीनं ढोसलं. तो नुसता फिरला. अंगणभर हशा पिकला. लखूचं तोंड एवढंसं झालं.

देवकी रडकुंडीला येऊन गाडीकडं धावली आणि गवतातलं मडकं अंगणात घेऊन आली. झाकण काढलं मात्र, एक निवटा टुणकन् उडाला तो म्हादूंच्या मांडीवर, दुसरा थेट मुंडाशात.

"साप! साप!" म्हादू ओरडत तुळशीकट्ट्यावर चढले.

देवकी हसून हसून खाली बसली. "अवो, बघताय काय? धरा की!"

लखू रांगत रांगत साऱ्या अंगणात फिरला. कपडे मातीनं माखले, पण शेवटचा निवटा हाती लागला तेव्हा त्याला पहिल्यांदाच धीर आला.

संध्याकाळी कालवणाचा वास सुटला तसे म्हादूही पानावर येऊन बसले. पहिला घास उचलण्याआधी त्यांनी बोटानं मासा दोनदा टोचला.

"लखू, नीट बघितलंस न्हवं? ह्यो मेलाय?"

"मेलाय, बुधवंत."

मग म्हादूंनी तीनदा वाढून घेतलं.