राखेची रेघ

ज्वालामुखी शिकवताना खायचा सोडा आणि व्हिनेगर वापरणाऱ्या मास्तरांचा मला मनापासून राग येतो. मातीचा डोंगर करायचा, त्यातून लाल फेस काढायचा, पोरांनी टाळ्या वाजवायच्या, की झाला धडा. पोरांना वाटतं ज्वालामुखी म्हणजे हलवून उघडलेली सोड्याची बाटली. मी सतरा वर्षं सहावीला भूगोल शिकवते. मंगळवार पेठेतून रोज स्कूटरवरून गावातल्या शाळेत जाते. माझ्या वर्गात असली थेरं चालत नाहीत, हे मी स्टाफरूममध्ये चारचौघांना ऐकू जाईल असं सांगायची. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते उगाच नाही.

शाळेच्या मागं ऊसवाल्यांचं गुऱ्हाळ होतं. तिथं गूळ करणारा कारागीर, म्हणजे गुळव्या, जोतीरामतात्या. चाळीस वर्षं रस उकळायच्या काहिलीपाशी उभा राहून त्याच्या पापण्यांचे केस गेलेले. मुलांना घेऊन येऊ का, असं विचारायला मी आदल्या दिवशी गेले, तर माझ्याकडं न बघताच म्हणाला, "आणा की. पर मी सांगीन तितंच उभी ऱ्हायला पायजेत."

मी त्याला म्हटलं, मला उकळी दाखवायचीय, जमिनीच्या पोटात दगड कसा उकळतो ते शिकवायचंय. तो हसला. मग हातातला झारा काहिलीकडं करून म्हणाला, "रस पातळ असतोय तवर नुसता दंगा. फेस येतोय, उतू जातोय, पर वाफ मोकळी हुती. घट्ट झाला की वाफंला वाट घावत न्हाय. मग वरनं गप दिसतोय. दंग्याला भ्यायचं न्हाय बाई, काहिल गप झाली की भ्यायचं."

घरी जाताना मला इतका आनंद झाला होता. अख्ख्या पुस्तकात जे धड लिहिलेलं नाही, ते या माणसानं चार वाक्यांत सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बावीस मुलं घेऊन गेले. जोतीरामतात्यानं काहिलीखालच्या चुलवाणातली राख घमेल्यात आणली आणि काहिलीपासून लांब, जमिनीवर एक पांढरी रेघ ओढली. "हिच्या पुढं पाय टाकायचा न्हाय. मालक आला तरी न्हाय."

रस उसळत होता. मी मुलांना सांगितलं, खाली जाळ आहे तशी जमिनीच्या खोल पोटात उष्णता असते. तिथं खडक वितळतो आणि त्याच्यात वायू मुरलेले असतात. तो वितळलेला खडक वर येऊ लागला की डोक्यावरचा दाब कमी होतो, वायूचे बुडबुडे सुटतात आणि त्याला आणखी वर रेटतात. खडक पातळ असला तर वायू सुटून जातो आणि लाव्हा नुसता वाहतो. घट्ट असला तर वायू आत कोंडतो; मग काय होतं, ते बघून वहीत लिहून आणायचं.

सहावीतली निशा पुढं सरकली. कुणी गप्प बसवलं तरी जिचे प्रश्न संपत नाहीत, अशी ती पोरगी. "बाई, मग आपल्याकडचा कसला? पातळ का घट्ट?"

सतरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "पातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच्या लांब चिरली आणि लाव्हा वाहत राहिला. एक थर निवायचा, त्यावर दुसरा यायचा. पन्हाळ्याचा काळा कातळ त्याचाच. तू उभी आहेस ती जमीनसुद्धा त्याचीच."

निशानं पायाखाली बघितलं. "परत येनार न्हाय न्हवं?"

"नाही गं. इथलं सगळं कधीच निवलंय."

तोवर रस आटत आला. फेस बसला. जाड, सुस्त बुडबुडे लांब लांब अंतरानं वर येऊ लागले. जोतीरामतात्या जाळ कमी करायला सांगण्यासाठी चुलवाणाच्या बाजूला गेला. मुलं शांत झाली होती. मला हेडमास्तरांना फोटो पाठवायचा होता, शाळेच्या ग्रुपवर टाकायला. रेघेमागून काहिल आणि मुलीचा चेहरा एका चौकटीत बसत नव्हते.

"निशा, दोन पावलं पुढं हो."

तिनं खाली बघितलं. "बाई, रेघ..."

"अगं, मी आहे ना."

ती पुढं झाली आणि मान मागं वळवून हसली. मी फोटो काढला. त्यानंतर काहिलीतला एक बुडबुडा फुटला.

उकळता पाक पाण्यासारखा ओघळत नाही, तो चिकटतो. निशाच्या डाव्या गालावर आणि हातावर तो चिकटला. जोतीरामतात्या धावत आला, तिला उचलून हौदापाशी नेलं, तोंड-हात पाण्यात धरले आणि हातानंच तो पाक पुसून काढला. त्याच्या बोटांची कातडी निघाली. मी फोन हातात धरून उभी होते, एवढंच मला आठवतं.

चौकशी झाली. हेडमास्तरांनी जबाब तयार करून समोर ठेवला. 'गुळव्याने मुलांना सुरक्षित अंतरावर उभे केले नाही.' म्हणाले, "बाई, तुमची सतरा वर्षं पाण्यात जातील. त्याचं काय, आज हितं तर उद्या दुसऱ्या गुऱ्हाळावर." जोतीरामतात्यानं रेघ ओढल्याचं सांगितलं. पण धावपळीत ती शंभर पायांखाली गेली होती, आणि बाकीच्या पोरांना तर रडण्याशिवाय काही सुचत नव्हतं. मी सही केली. भ्याले होते, दुसरं काही कारण नाही. मालकानं ऐन हंगामात त्याला काढून टाकलं. दुसऱ्या गुऱ्हाळांनीही घेतलं नाही. पोर भाजवणारा गुळव्या कुणाला हवा? आणि पाक तयार झाला का, ते बोटात धरून बघावं लागतं. त्याच्या बोटांना आता काही कळत नाही म्हणे.

रेघ एकाच ठिकाणी शिल्लक होती, माझ्या फोनमध्ये. महिनाभर मी तो फोटो पुसायला काढायची आणि परत ठेवून द्यायची.

परवा कळलं, निशा दवाखान्यातून घरी आली. मी मोसंबी घेऊन गेले. दारात तिची आई धुणं पिळत होती. "या बाई," म्हणाली, तांब्याभर पाणी दिलं आणि परत धुण्याकडं वळली. निशा आत भिंतीला टेकून बसली होती. डावी बाजू पट्टीत. मांडीवर भूगोलाची वही.

"बाई, मी उत्तर लिवलंय," ती म्हणाली. पट्टीमुळं तोंड एकाच बाजूनं हलत होतं. वहीत गोल अक्षरात होतं, 'घट्ट लाव्हा शांत दिसतो, पण तो जास्त धोकादायक असतो.'

तिनं दाराकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाई, मी कुनालाच सांगितलं न्हाय. चौकशीच्या साहेबांनी इचारलं, तर म्हनलं मी माझी मीच पुढं गेलतो. तुमाला कोन काय बोलनार न्हाय."

माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान पोर मला सांभाळत होती. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

मी बाहेर आले. "ताई, जरा बघता का," असं म्हणून तो फोटो निशाच्या आईसमोर धरला. तिनं हात पदराला पुसले, फोन घेतला. बघत राहिली. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला, नुसता चेहरा राहील इतका मोठा.

"कवाचा ह्यो?"

"त्याच दिवसाचा. आधीचा."

तिनं अंगठा काचेवर, डाव्या गालावर ठेवला. "माझ्याकडं तिचा एक बी फोटो नव्हता असला. गाल हाय ह्यात तिचा. लई उपकार झालं, बाई. ह्यो मला पाठवा."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. फोटो पाठवला असता तर तिनं तो जपून ठेवला असता आणि खाली कधी बघितलंही नसतं.

मी तिच्या हातातल्या फोनवर बोट ठेवलं आणि फोटो वर सरकवला. चेहरा गेला, फ्रॉक गेला, पाय आले. टाचांच्या मागं पांढरी रेघ होती.

"ताई, ही रेघ जोतीरामतात्यानं ओढली होती," मी म्हटलं. "तिच्या पुढं मी उभं केलं तिला. ती नको म्हणत होती."