चौथ्या ओळीतला सूर

क्लॅरिनेटवाल्याने वाद्य ओठांपासून खाली घेतलं आणि डोळे बारीक करून समोरच्या पानाकडे पाहिलं. साठ वादक थांबले. रिकाम्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेत मांडीवर फाइल घेऊन बसलेल्या, संगीतकाराच्या बहिणीने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"चौथ्या ओळीतला हा सूर," क्लॅरिनेटवाला वाद्यवृंदाच्या संचालकाला म्हणाला, "बरोबर आहे ना? दाताखाली खडा आल्यासारखं वाटतंय."

संचालकाने सगळ्या वाद्यांचे सूर असलेल्या आपल्या मोठ्या प्रतीत पाहिलं. तिथेही तोच सूर होता. असणारच, बहिणीने तो तिथेही बदलला होता. दादाच्या रचनांची स्वच्छ प्रत करायची, प्रत्येक वादकाची वेगळी पानं काढायची, हे बावीस वर्षं तिचं काम. त्यात आजवर काडीची चूक झाली नव्हती. ही पहिली, आणि ती तिने अगदी मन लावून केली होती.

"आपण त्यांनाच विचारू," म्हणत संचालक पहिल्या रांगेतल्या दादाकडे वळला.

याच क्षणासाठी ती अकरा महिने गप्प बसली होती. रचनेचा हा मधला भाग तिचा होता, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. आईच्या शेवटच्या महिन्यात, तिच्या खाटेशी बसून लिहिलेला. "जरा बघतो" म्हणून दादाने तो नेला आणि आपल्या दोन भागांच्या मधे बसवून टाकला. कार्यक्रमपत्रिकेवर नाव त्याचं एकट्याचं. तिने विचारलं तेव्हा जेवता जेवता, मान वर न करता तो म्हणाला होता, "घरातलंच आहे की, छोटे. तुझं काय नि माझं काय." पन्नाशी उलटलेली छोटी ताट उचलून आत गेली होती. आणि मग तिने एक सूर अर्ध्या स्वराने वर चढवला. ज्याने लिहिलंय त्याच्या कानाला तो लगेच खटकेल. दादाला कळणार नाही, आणि दादाला कळलं नाही हे साठ जणांना कळेल.

दादा ऐटीत उठला. "बरोबर आहे. तिथे बोचायलाच हवं."

"पण पुढच्या पानावर हीच ओळ पुन्हा येते," क्लॅरिनेटवाला चाचरत म्हणाला. "तिथे हा सूर खाली आहे."

"तीच तर गंमत आहे त्यातली."

दोन व्हायोलिनवाल्यांनी एकमेकींकडे बघितलं, आणि एकीने खाली वाकून बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधली. बहिणीला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. उद्या भरल्या सभागृहात तो सूर वाजेल आणि पहिल्या रांगेत दादा मान डोलावेल. बस, तिला आणखी काही नको होतं.

चहाच्या सुट्टीत क्लॅरिनेटवाला पान घेऊन शेवटच्या रांगेपर्यंत चालत आला आणि गुडघे धरत तिच्या शेजारी बसला.

"ताई, तुमच्या हातून असं कधी होत नाही. म्हणून विचारतो. हे असंच ठेवायचं?"

"दादा म्हणाला ना, बोचायला हवं."

"त्यांचं ऐकलं मी." त्याने पान तिच्या फाइलवर ठेवलं. "उद्या माझा शेवटचा कार्यक्रम. हा सूर असा वाजला तर लोक त्यांना नाही हसणार. म्हातारा चुकला म्हणतील."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके महिने ती एकाच माणसाचं तोंड डोळ्यांसमोर धरून बसली होती. फुंकणारा कोण, हा विचार मनाला शिवलाही नाही. ती स्वतःवरच चरफडली. मग तिने छापील सुरावर काट मारली आणि शेजारी खरा सूर लिहिला. अकरा महिन्यांची मेहनत एका रेघेत पाण्यात गेली.

क्लॅरिनेटवाल्याने ती ओळ मनातल्या मनात गुणगुणून पाहिली. "हां," तो म्हणाला. परत जाताना तो संचालकापाशी थांबला आणि त्याने ते पान त्याच्यापुढे धरलं.

सुट्टीनंतर तोच भाग पुन्हा सुरू झाला. चौथी ओळ आली आणि सूर अलगद खाली उतरला.

"थांबा," दादा उठून म्हणाला. "क्लॅरिनेट, चुकलात तुम्ही. मघाचाच बरोबर होता."

संचालकाने छडी खाली ठेवली. दादाकडे त्याने बघितलंच नाही. रिकाम्या रांगांवरून त्याची नजर थेट मागे गेली.

"ताई, कुठला सूर?"

दादा हसला. "अहो, तिला काय विचारता? ती फक्त प्रत करते."

बहीण घाईने उठली नाही. आधी तिने पेनाला टोपण लावलं, फाइल शेजारच्या खुर्चीवर ठेवली, आणि साठही माना आपल्याकडे वळेपर्यंत ती थांबली.

"आत्ताचा," ती म्हणाली. "तिथे काही बोचत नाही, दादा. तिथे आईला झोप लागते. तू तेव्हा घरी नव्हतास."

दादा खाली बसला.

"मग इथे किती हळू घ्यायचं?" संचालकाने विचारलं. तो अजून तिच्याकडेच बघत होता.

"पुढे येऊन सांगते," ती म्हणाली, आणि पहिल्या रांगेवरून जाताना ती थांबली नाही.