बाजूच्या पट्टीतल्या खोल्या

रघूत्तम रोज संध्याकाळी बायकोचा मोबाइल मागून घ्यायचा. ओरडायचा नाही, कुणाचे फोन आले, तिनं काय वाचलं, तेवढं बघून परत द्यायचा. म्हणून एकटीला राहायला खोली स्मृतीनं हॉलमधल्या कंप्यूटरवर शोधली, घरात कुणी नसताना, आणि हिस्टरी पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सासरे गुंडेराव त्याच कंप्यूटरवर पेपर वाचत बसले होते. बातमीच्या बाजूला जाहिरात झळकत होती: नोकरदार महिलांसाठी सुरक्षित खोल्या, अग्रहार भागात.

"अय्यो, हे काय गं? दर पानावर हेच येतंय."

"असेल काहीतरी, मामंजी," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. रविवारी रघूत्तम कंप्यूटरसमोरच्या त्याच खुर्चीत बसायचा.

दुपारी तिनं घाईघाईनं जाहिराती अडवणारा, पहिला सापडला तो ॲड ब्लॉकर घातला. जाहिराती कमी व्हायच्या जागी वाढल्या. ब्राउझर उघडलं की भलतंच पान समोर यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती नोकरी करायची त्या शाळेत तिनं पावनीला गाठलं. पावनी मुलांना कंप्यूटर शिकवायची आणि मराठी बोलताना मध्येच कन्नडात शिरायची.

"आधी तो काढ, अक्का. तू जे जे उघडतेस ते सगळं त्याला दिसतं."

"दुसरा घातला तर तोही सगळं बघायची परवानगी मागेल ना?"

"हौदु, सगळेच मागतात. म्हणूनच कुणी केलाय ते बघायचं. कोड कुणालाही वाचता यायला पाहिजे. जाहिरातवाल्यांकडून पैसे घेऊन त्यांना आत सोडणारा बेड, नकोच तो. आणि कुकीज पुस, साइटवाले मागे ठेवतात त्या खुणा, नुसती हिस्टरी पुसून काय होतंय?" मग तिच्या चेहऱ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "पण अक्का, हे बाहेरच्यांसाठी. घरातल्यांना तो अडवत नाही."

स्मृतीनं तसा नीट पारखून एक निवडला. शनिवारी सकाळी गुंडेराव खूश झाले.

"केवढं लवकर उघडतंय गं! नुसती बातमी." थोडं थांबून त्यांनी आवाज खाली केला. "त्या खोल्या तूच बघत होतीस ना?"

तिला खोटं बोलवेना. तिनं मान हलवली.

"रघूला मी सांगणार नाही. तो फोन बघतो ते मलाही पटत नाही. पण तू जाऊ नकोस, एवढं माझं ऐक."

त्यांच्या आवाजात माया होती, आणि तीच तिला सोसवेना. आजवर एकट्या नवऱ्यापासून लपायचं होतं. आता सासऱ्यांचे उपकारही जपायचे, म्हणजे इथंच राहायचं.

रविवारी रघूत्तम खुर्चीत बसला, तेव्हा ती स्वतःच समोर जाऊन उभी राहिली.

"मी वेगळी खोली बघतेय. अग्रहारात."

त्यानं वडिलांकडे पाहिलं. गुंडेरावांनी कॉफीच्या लोट्यात नजर घातली.

"कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही."

"बघ की," तो हसला. "मिळाली की सांग."

तिनं तिथंच उभं राहून जाहिरातीतल्या खोलीच्या घरमालकिणीला फोन लावला. खोली बघायला बरोबर कोण येणार, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "एकटीच."

खोलीला खिडकी एकच होती, आणि तीही शेजारच्या भिंतीवर उघडायची. स्मृती बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिली. मग तिनं बाईंना हो म्हणून सांगितलं.