उंचीच्या पट्टीची कबुली

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पट्टी आहे, माणसांची उंची मोजणारी. दोंडाईच्याच्या एका सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले. आधी मी शाळेत होते. टाचा उचलून उंच होऊ पाहणारी पोरे मला फार आवडायची.

पुढे मी जळगावच्या एका सुरक्षा एजन्सीत आले. रखवालदार पुरवायला परवाना लागतो. रखवालदाराचे प्रशिक्षण हवे, पोलीस चौकशी हवी आणि उंची पुरुषाची एकशे साठ सेंटीमीटर, बाईची दीडशे. मोजायचे काम हाशमचाचांचे. माझ्या शब्दावर नोकरी ठरते, म्हणून मी जरा तोऱ्यातच असे.

गेल्या वर्षी नवी फरशी बसली. भिंतीच्या पायथ्यालाही फरशीची पट्टी लागली आणि छगन मिस्त्रीने मला तिच्या वरच्या कडेवर टेकवून ठोकले. माझे शून्य जमिनीपासून आठ सेंटीमीटर वर गेले. प्रत्येक माणूस तेवढा बुटका भरू लागला.

भटू नोकरी मागायला आला, तेव्हा मी एकशे पंचावन्न दाखवले.

"चाचा, मी इतला बुटका नही शे," तो म्हणाला.

चाचांनी माझ्याकडे बोट दाखवले. तो चपला घालून निघून गेला. मालक हितेंद्रशेठच्या ओळखीचे मात्र माझ्यापुढे उभेच राहत नसत. "आपलाच माणूस आहे, लिहा एकशे पासष्ट," शेठ सांगत. ते मोजले गेले असते, तर माझी चूक केव्हाच उघडी पडली असती.

मग एरंडोलची तबस्सुम आली. मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकावर तिला उभे राहायचे होते. प्रशिक्षण पूर्ण, चौकशी झालेली. मी म्हणाले, एकशे चव्वेचाळीस. तिचा चेहरा उतरला. पण ती शिवणकाम करणारी. तिने पर्समधून टेप काढला आणि खाली बसली.

"चाचा, ही जमिनीपासून सुरूच होत नाही. खालचं कुणी मोजायचं?"

चाचांनी टेप दोनदा लावून पाहिला. मग तिला पुन्हा मोजले. एकशे बावन्न.

"बेटी, मी वर्षभर लोकांना परत पाठवलं," ते म्हणाले. मला लाकूड असल्याची लाज वाटली.

त्यांनी मला उपटून जमिनीला टेकवून ठोकले. मग शेठच्या खोलीत जाऊन म्हणाले, "आता तुमची माणसंही उभी राहतील, नाहीतर मी मोजणार नाही." शेठनी आधी आपल्याच भाच्याला, स्वप्नीलला, माझ्यापुढे उभे राहायला हाक मारली.

चाचांनी वहीतले नंबर काढून परत पाठवलेल्या एकेकाला फोन लावले. बरेच जण परत आले. भटूच्या आईने सांगितले, तो सुरतेला निघून गेला.

मित्रांनो, नियम सर्वांना सारखा लावा. पण आधी वाकून बघा, पट्टी जमिनीला टेकली आहे का. भटू एकशे त्रेसष्ट होता. हे त्याला कुणीतरी सांगा.