सोनखूण

त्या समाजाच्या कुठल्याही घरात जा, भिंतीवर मोठे केलेले फोटो दिसायचे, आणि त्या फोटोंत म्हातारी माणसं जवळजवळ नसायची. काळेभोर केस, ताठ माना, सगळे पस्तिशी-चाळिशीतले. पाहुण्यानं विचारावं, "हे कोण?" तर उत्तर यायचं, "आमचे मोठे काका. चाळिशीत गेले." "आणि हे?" "धाकटे मामा. जिना चढताना छातीत कळ आली, पायरीवर बसले ते बसलेच." वर एक वाक्य ठरलेलं असायचं, "आमच्याकडे माणसं लवकरच जातात हो." तिथे विषय संपायचा.

चारेकशे घरांचा तो समाज पणज्यांच्याही आधी डोंगरापलीकडून आला आणि शहराच्या एका टोकाला राहिला. सोयरिकी आपापसातच व्हायच्या. एवढ्या मोठ्या शहरात त्यांची गणती चिमूटभर, पण एका गोष्टीचा त्यांना भारी अभिमान. त्यांच्यातल्या कित्येकांच्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, पिवळसर ठिपका उठायचा. टाचेमागच्या शिरेवर टणक गाठी यायच्या. याला ते सोनखूण म्हणत. सोनखूण म्हणजे अस्सल रक्त! स्थळ बघताना आधी मुलाच्या पापणीकडे बघायचे, पगाराकडे नंतर.

हे सगळे फोटो एकाच हातचे होते. चौकातल्या स्टुडिओत बसणाऱ्या फोटोमास्तरांच्या. चाळीस वर्षं त्यांनी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून लोकांचे व्रण, मुरमं आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवली होती. पण मास्तरांच्या स्वतःच्या समाजातलं गिऱ्हाईक आलं की बजावून सांगायचं, "मास्तर, बाकी काय वाटेल ते पुसा, खूण तेवढी पुसू नका."

मास्तरांना स्वतःला खूण नव्हती. सासरे हयातभर म्हणायचे, "जावई गुणाचा आहे, पण कोरा आहे." बायकोला मात्र ठसठशीत खूण होती. ती शेहेचाळिसाव्या वर्षी गेली. मुलगा तिच्यावर गेला, मुलगीही; दोघांनाही खूण होती. मुलगा पोस्टमन होता. काडीसारखा बारीक, दिवसभर चालणारा. दम लागतो म्हणून एकदा दवाखान्यात गेला, तर डॉक्टर हसून म्हणाले, "तुम्हाला काय धाड भरलीय? तुमच्यासारखं चालायला मला जमलं असतं तर!"

तो मुलगा मागच्या आठवड्यात गेला. छत्तिसाव्या वर्षी, पत्रांची पिशवी खांद्यावर असताना, कुणाच्या तरी फाटकाशी.

आणि आता त्याचा फोटो मोठा करायचा होता. सोमवारी समाजाच्या सभागृहात सगळे जमणार होते, तिथे ठेवायला.

"आजोबा, बाबांचा फोटो झाला का?" सात वर्षांच्या नातीनं दारातून विचारलं. घरात तिला सगळे चिमणी म्हणत.

"करतोय गं."

"मी येऊ आत?"

"नको. कागदाला उजेड लागला तर काळा पडतो, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. त्या पेट्यांना हात लावायचा नाही."

त्या घरातल्या प्रत्येक मुलाला हे बाराखडीच्या आधी शिकवलं होतं. मास्तर डार्करूममध्ये शिरले, दार लावलं, लाल दिवा पेटवला. हातातली कागदाची पेटी संपली होती म्हणून त्यांनी फळीवरची मागची पेटी ओढली. झाकण उघडलं, आणि त्यांचे हात तसेच राहिले.

आतल्या कागदांच्या काळ्या पिशवीवर दोन लिफाफे होते. एकावर मुलाचं नाव, एकावर मुलीचं. दोन्ही बंद.

मास्तर विसरले होते म्हणावं, तर ते खरं नव्हतं. त्यांनी विसरायचं ठरवलं होतं. वर्षभरापूर्वी रक्त तपासणारी काही मंडळी वस्तीत आली होती. लहान लहान समाजांच्या रक्तात चरबी किती असते, ती आईबापांकडून कशी येते, याचा अभ्यास करायचा होता त्यांना. त्यांच्यातली एक डॉक्टरीणबाई म्हणाली होती, "तुमच्या लोकांचं रक्त आजवर कुणी तपासलेलंच नाही. आमच्या पुस्तकांत तुम्ही नाहीच." तरण्या लोकांनी हौसेनं हात पुढे केले, त्यांच्यामागून काही वडीलधाऱ्यांनीही. मग चार महिन्यांपूर्वी निकालाच्या लिफाफ्यांचा गठ्ठा समाजाच्या सभागृहात आला. समाजाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे मोठेकाका म्हणत, त्यांनी घरोघरच्या वडीलधाऱ्यांना बोलावलं.

"यात काही वाईट निघालं, तर आपलं रक्त नासकं म्हणून गावभर बोभाटा होईल," मोठेकाका म्हणाले होते. "आपल्या पोरी कोण करील? घरी न्या, आणि मुलांच्या हाती देऊ नका. जाळलेत तर उत्तमच."

मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं. सोनखूण असलेला मुलगा, नावाजलेलं घर. मास्तरांनी मान डोलावली. पण ज्यांनी जन्मात एक निगेटिव्ह फेकली नाही, त्यांच्या हातून कागद जळेना. मग त्यांनी लिफाफे अशा जागी ठेवले, जिथे घरातलं कुणी हात घालणार नव्हतं.

मास्तरांनी मुलाचा लिफाफा फोडला. लाल उजेडात अक्षरं वाचली. एका बाजूला तपासण्यांची नावं, समोर आकड्यांची जागा. जागा कोरी होती! त्यांना क्षणभर हायसं वाटलं. म्हणजे काहीच निघालं नव्हतं.

मग चाळीस वर्षांचा अनुभव आतून बोलला. लाल उजेडात लाल शाई दिसत नसते.

ते दार ढकलून बाहेर आले. खिडकीशी जाऊन कागद धरला. आकडे होते. सगळे लाल. खाली त्याच लाल शाईत लिहिलं होतं: 'चरबीचं प्रमाण अतिशय जास्त असून ते जन्मजात असावं. वेळ न दवडता डॉक्टरांना भेटावं. औषधानं हे आटोक्यात येतं. भावंडं व मुलं यांचीही तपासणी करावी.'

'औषधानं हे आटोक्यात येतं.' मास्तरांनी तेवढीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. चिमणी शेजारी येऊन म्हणाली, "कुणाचं पत्र आलंय, आजोबा?" त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

संध्याकाळी ते बाईंकडे गेले. बाईंनी त्या वस्तीतल्या तीन पिढ्यांना विज्ञान शिकवलं होतं. त्या समाजाबाहेरच्या, वय ऐंशीच्या पुढे, पण कुणी वाकून बसलेलं त्यांना अजूनही खपत नसे.

"पाठ सरळ कर आधी," त्या म्हणाल्या. मग मास्तरांचा चेहरा पाहून त्यांनी हातातला कागद मागून घेतला. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला. "हे कधी आलं?"

"चार महिने झाले."

बाईंनी चष्मा पुन्हा लावून कागदावरची तारीख पाहिली.

"बाई, तो तर काटक होता. खाण्यापिण्यात बेताचा. मग चरबी आली कुठून?"

"तुझ्याच धंद्यातलं सांगते. निगेटिव्हवर ओरखडा असला, तर प्रिंट कशी निघते?"

"ओरखड्यासकट."

"कागद भारीतला घेतलास तर?"

"तरीही. ओरखडा निगेटिव्हवर आहे ना."

"तसंच हे. प्रत्येक माणसाकडे दोन निगेटिव्ह असतात, एक आईकडची, एक बापाकडची. मूल होतं तेव्हा दोघांकडून एकेक त्याच्याकडे जाते. तुझ्या बायकोची एक ओरखड्याची होती. रक्तातली वाईट चरबी काढून टाकायचं काम तिच्या शरीराला नीट जमत नव्हतं. ती हृदयाच्या नळ्यांत साठते, पापणीवर साठते, टाचेवर साठते. काडीसारख्या माणसाच्याही."

मास्तरांचा हात आपोआप स्वतःच्या पापणीकडे गेला. "म्हणजे सोनखूण..."

"सोनं कसलं रे! धोक्याचा दिवा तो. आणि तुम्ही दिवा बघून सोयरिकी जुळवता! दोन्ही बाजूंना ओरखडा असला, तर एखाद्या लेकराच्या वाट्याला दोन्ही खराब निगेटिव्ह येतात. वस्तीत शाळकरी पोरं छाती धरून गेलीत, आठवतंय? माझ्या वर्गातली दोन होती. मलाही तेव्हा कळलं नाही."

मास्तरांनी दुसरा लिफाफा पुढे केला. "हा मुलीचा. तुम्हीच उघडा. माझा हात होत नाही."

बाईंनी तो परत त्यांच्या हातात ठेवला. "हा माझा नाही. तुझाही नाही. ज्याचं पत्र त्याच्या हाती. तुझा मुलगा जन्मभर दुसरं काय करत होता?"

घरी मुलगी भावाचा गणवेश घडी करून ठेवत होती. मास्तरांनी लिफाफा तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही, काही गाळलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं गणवेशाच्या बाह्या सारख्या केल्या.

"दादानं कधी कुणाचं पत्र अडवलं नाही, बाबा," ती म्हणाली. "पावसात गेला, तापात गेला. एका आजीचं पत्र द्यायला तीन वेळा परत गेला, कारण ती दार उघडत नव्हती."

तिनं लिफाफा स्वतःच फोडला. आकडे लालच होते. कोपऱ्यात सून उभी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "चिमणीचं काय?" आणि पोरीला घट्ट जवळ ओढलं.

सोमवारी सभागृह गच्च भरलं. मधोमध मुलाचा मोठा फोटो होता. मोठेकाका उठले. "देवानं चांगलं माणूस नेलं. आमच्याकडे माणसं लवकरच..."

"देवानं नाही नेलं!" मास्तर मध्येच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. "मी थांबवू शकलो असतो. त्याचं पत्र मी पेटीत दडवलं होतं."

त्यांनी पिशवीतून फोटो काढले आणि टेबलावर एकाशेजारी एक मांडले. चाळीस वर्षांतले त्रेसष्ट चेहरे. प्रत्येकाच्या पापणीवर तोच ठिपका, आणि मागे पेन्सिलीनं लिहिलेलं वय. अडतीस. एकेचाळीस. चौतीस. एक नऊ वर्षांचा. "तुम्ही म्हणायचात, खूण पुसू नका. मी नाही पुसली. जपून ठेवली. मरण जपून ठेवत होतो मी, मला ठाऊक नव्हतं. पण पत्र आलं तेव्हा ठाऊक करून घेता आलं असतं!"

"मास्तर, चारचौघांत घराण्याची अब्रू काढता?" मोठेकाका म्हणाले. "बाहेरचे लोक हसतील."

मागून बाईंची काठी वाजली. "बाहेरच्यांचंही ऐकून घे. चूक आमचीही आहे. तुम्ही मूठभर म्हणून आमच्या डॉक्टरांनी तुमच्याकडे पाहिलं नाही, बारीक माणूस बघून हसून परत पाठवलं. पण हे रक्त नासकं नाही रे. कुणाला डोळ्याचा नंबर वडिलांकडून मिळतो, कुणाला साखर आजीकडून. चष्म्याची लाज कुणाला वाटते का? रोजची एक गोळी, वेळेवर तपासणी, आणि तुमची मुलं म्हातारी होतील. लाज एकाच गोष्टीची वाटायला हवी, माहीत असून न सांगण्याची."

"आणि ज्यांनी लिफाफे जाळले?" कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

"रक्त जळलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा देता येईल."

मोठेकाका टेबलाशी आले. तिसऱ्या रांगेतला एक फोटो त्यांनी उचलला. तो त्यांच्याच धाकट्या भावाचा होता. त्यांनी तो उलटा करून वय वाचलं, आणि मग त्यांचं बोट सावकाश स्वतःच्या पापणीकडे गेलं. त्यांनी फोटो जागेवर ठेवला. खाली बसताना त्यांनी शेजारच्या मुलाला हळूच विचारलं, "माझा लिफाफा मीच जाळला. कुठे जावं लागेल आता?"

पुढच्या महिन्यात दवाखान्याबाहेर रांग लागली. रांगेत मुलीचा होणारा नवराही होता. लग्न करायचं की नाही, मुलांचं काय करायचं, हे दोघं डॉक्टरांशी बोलून ठरवणार होते. त्याच्या घरच्यांनी तोंड फिरवलं, त्यानं नाही फिरवलं. चिमणीचे आकडेही लाल आले. सून त्या दिवशी जेवली नाही. पण डॉक्टरांनी सांगितलं, "बरं झालं, एवढ्या लहानपणी कळलं. हिचं आपण नीट सांभाळू."

मुलगी सहा आठवडे मास्तरांशी कामापुरतंच बोलली. ते तक्रार करत नव्हते. मुलाचा फोटो त्यांनी स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला होता आणि खाली स्वतःच्या हातानं दोन तारखा लिहिल्या होत्या, पत्र आलं ती आणि तो गेला ती. येणारे-जाणारे थांबायचे, मनातल्या मनात महिने मोजायचे, आणि पुढे जायचे.

एका सकाळी मुलगी चिमणीचा हात धरून स्टुडिओत आली आणि कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"आमचा फोटो काढा, बाबा."

किती दिवसांनी तो शब्द ऐकला होता! मास्तरांना समोरचं काही दिसेना. त्यांनी काळ्या कापडाखाली डोकं घातलं, तिथे कुणाला डोळे दिसत नाहीत.

"खूण राहू देऊ का?"

"राहू द्या. आणि दर वर्षी आजच्याच तारखेला काढा. माझे केस पांढरे होईपर्यंत. मग चिमणीचे होईपर्यंत."

"तोवर मी कुठला असायला?"

"मग कुणाला तरी शिकवून ठेवा," ती म्हणाली. "आपल्या भिंतीवर म्हातारी माणसं हवीत."

वाचकहो, रक्त कुणी निवडून घेत नाही. ते आईबापांकडून येतं, डोळ्यांच्या रंगासारखं. त्यात काही कमीजास्त असेल, तर तो ना गुन्हा, ना शाप, ना कुळाचा मान. तपासलं तर उपाय आहे. अब्रूच्या भीतीनं दडवलं, तर आतली गोष्ट बदलत नाही, फक्त वेळ जातो, आणि तो परत आणणारा पोस्टमन जगात नाही. तुमच्याही घरात कुणी "आमच्याकडे लवकरच जातात" असं म्हणत असेल, तर तिथे विषय संपवू नका. तिथूनच विचारायला सुरुवात करा.